कागद खरे होते, तरी फसवलं गेलं

मी सांगलीची. पुण्यात दोन वर्षं एका पीआर एजन्सीत काम केलं आणि याच विषयात, म्हणजे जनसंपर्कात, कॅनडात मास्टर्स करायचं ठरवलं. सप्टेंबर 2024 मध्ये बाबांना घेऊन परदेशी शिक्षणासाठी पाठवणाऱ्या, पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेले. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. पण अशी ऑफिसं आता प्रत्येक शहरात आहेत, म्हणून घडलं ते सविस्तर लिहिते.

हॅलिफॅक्सची माउंट सेंट व्हिन्सेंट आणि हॅमिल्टनची मॅकमास्टर, ही दोन युनिव्हर्सिट्यांची नावं मी वहीत लिहून नेली होती. कन्सल्टन्सीतल्या मॅडमनी वही बाजूला सारली. "टोरांटोजवळ याच विषयाचं पोस्टग्रॅज्युएट आहे, वर्षात होतं. काका, तुम्ही निश्चिंत राहा. पोस्टग्रॅज्युएट केलं की तीन वर्षांचं वर्क परमिट, मग पीआर." तासाभरात 'पीआर' हा शब्द कधी विषयासाठी, तर कधी तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी इतक्यांदा आला, की एक केलं की दुसरं मिळतंच असं बाबांना वाटायला लागलं. मॅडमनी तो समज दूर केला नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर टोरांटोजवळच्या त्या कोर्सच्या प्रवेशाचं पत्र आलं. खोट्या पत्रांच्या बातम्या वाचलेल्या असल्यामुळे मी स्वतः तिथे मेल करून खात्री केली. पत्र अस्सल निघालं. आम्ही तिथेच निर्धास्त झालो, आणि नेमकी तिथेच चूक झाली.

पत्रावर खाली एका चौकटीत लिहिलं होतं, 'ऑन्टारियो कॉलेज ग्रॅज्युएट सर्टिफिकेट'. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाची पदवीही कॉलेजातच घेतात, त्यामुळे 'कॉलेज' हा शब्द कुणालाच खटकला नाही. कॅनडात मात्र कॉलेज आणि युनिव्हर्सिटी या वेगळ्या संस्था आहेत, आणि हे सर्टिफिकेट म्हणजे मास्टर्स नव्हे. फेब्रुवारी 2024 पासून एका वर्षाच्या मास्टर्सवरही तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू लागलं होतं. मॅडमनी तोच नियम सर्टिफिकेटला लावून सांगितला.

पुढचं मला मे 2025 मध्ये, तिथे पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात वर्क परमिटबद्दल विचारायला गेले होते. तिथल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सीआयपी कोड, म्हणजे त्या विषयाचा ठरलेला क्रमांक असतो, जनसंपर्काचा 09.0902. 1 नोव्हेंबर 2024 पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांनी कॉलेजचा असा कोर्स केला, तर तो ठरावीक क्षेत्रांतला असेल तरच वर्क परमिट मिळतं. आरोग्यसेवा, शेती, तंत्रज्ञान, बांधकामासारखी कौशल्यं अशी ती यादी. माझा कोड तिच्यात नव्हता. युनिव्हर्सिटीच्या मास्टर्सला ही अट नाही. "तुझा अर्ज कधी गेला?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना, कारण अर्जाचं खातं कन्सल्टन्सीने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं.

पासवर्ड मिळवायला अकरा दिवस लागले. खात्यात अर्ज भरल्याची तारीख होती 19 नोव्हेंबर. म्हणजे पत्र हातात आल्यावर माझी फाइल महिनाभर पडून होती. अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत गेला असता, तर ही अट मला लागली नसती. हा बदल सरकारने सप्टेंबरमध्येच जाहीर केला होता. मी तेव्हा दर आठवड्याला फोन करत होते, आणि "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकत होते. ते आठवलं की आजही जीव जळतो.

मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "ताई, नियम सरकारचा, आम्ही काय करणार?" बाबांनी 85 हजारांची पावती बाहेर काढली. तिच्यावर फक्त 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' असं छापलेलं, आणि तळाशी बारीक अक्षरांत 'आम्ही इमिग्रेशनचा सल्ला देत नाही'. तासभर दुसरं काय दिलं होतं मग? कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला फक्त परवानाधारक सल्लागार किंवा वकील देऊ शकतात. विद्यार्थी पाठवला की बऱ्याच कॉलेजांकडून एजंटला कमिशन मिळतं, हेही मला तिथे गेल्यावरच समजलं. माझी वही बाजूला का सारली गेली, याचं उत्तर मला त्यात दिसतं.

शिक्षक चांगले होते, त्यांना बोल लावणार नाही. पण शिकवलं त्यातलं बरंचसं मी पुण्यात करून आले होते. तिथल्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत आगाऊ ठेवलेले 20,635 कॅनेडियन डॉलर माझेच होते, ते हप्त्याहप्त्याने परत मिळाले. फी मात्र गेली. ती सांगलीच्या सहकारी बँकेतून, घर तारण ठेवून भरलेली आहे.

कोर्स संपवून परत आले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून सांगलीच्या ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आणि 19 नोव्हेंबरच्या पानाची प्रत जोडली आहे. फोनवर तोंडी जे सांगितलं गेलं, त्याचा कुठलाच पुरावा माझ्याजवळ नाही. तुम्ही बोलणं झालं की लगेच तेच मेसेजवर लिहून "बरोबर ना?" असं विचारा. आणि खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, त्यावर कन्सल्टन्सीवाले कितीही रागावले तरी.

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा प्रवेशाचं पत्र घेऊन आला. त्याच्या आईने पेढेही आणले होते. मी आधी खालची चौकट बघितली. तेच सर्टिफिकेट. कोड शोधला, तो यादीत नाही. त्याची फाइल अजून गेलेली नाही.