गिरणीतलं ऑफिस की ऐरोलीचा आयटी पार्क?

ठाण्यातल्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला जागा बदलायची असली की दोन पर्याय पुढे येतात: लोअर परळची जुनी गिरणी आणि ऐरोलीचा आयटी पार्क. ठाण्यातच गिरणी मिळाली असती तर बरं झालं असतं. पण १९२५ सालच्या रेमंडच्या पोखरण रोडवरच्या जमिनीवर आता राहायचे टॉवर उभे आहेत.

गिरणीचं खरं धन छपरात असतं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि दात्यांची काचेची बाजू उत्तरेला. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ ऊन थेट आत येत नाही, नुसता उजेड येतो, तोही दिवसभर जवळपास सारखा. सुतातला, कापडातला दोष नजरेला पडावा म्हणून केलेली ही सोय आज रंग जुळवणाऱ्या डिझायनरला कुठल्याही ट्यूबलाइटपेक्षा मोलाची आहे. अशी जागा नव्याने कोणी बांधत नाही, म्हणून मला तिची फार ओढ वाटते.

पण खांब मागांच्या मापाने उभे केलेले, त्यामुळे टेबलं त्यांच्या कलाने मांडावी लागतात. उंच छपरामुळे एसीचं बिल चढतं. मग पोटमाळा घातला जातो आणि उजेडच मरतो. शिवाय कित्येक ठिकाणी गिरणी फक्त पत्त्यात उरली आहे, आत सगळी नवी काचेची इमारत. तिचं जास्तीचं भाडं का द्यावं? आगीच्या बाबतीत तर अजिबात भिडस्तपणा नको. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. अग्निशमन दलाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि पोटमाळ्याची मंजुरी हातात आल्याशिवाय अनामत देऊ नका.

ऐरोलीत जनरेटर, पार्किंग, कॅन्टीन सगळं तयार मिळतं. जागेला चेहरा नाही, पण अडचणही नाही.

प्रवासात मात्र ऐरोली सरळ जिंकते. ट्रान्स हार्बर लोकलच्या मार्गावर ठाण्यानंतर दिघा गाव, मग ऐरोली. डोंबिवली-कल्याणच्या मंडळींनाही ठाण्याला एकदाच गाडी बदलायची. लोअर परळसाठी स्लो लोकलने करी रोडला उतरून चालायचं, नाहीतर दादरला बदलायचं, रोज, दोन्ही वेळा.

सॉफ्टवेअर किंवा हिशेबाचं काम असेल तर ऐरोलीच घ्या. कपडे, छपाई, फोटोचं काम असेल आणि गिऱ्हाईक मुंबईतलं असेल, तर गिरणी घ्या. फक्त जुनी शेड शाबूत आहे ना, ते दिवसा, सगळे दिवे बंद करायला लावून पाहा.