‘एएमडी’ वाचून घाबरले आणि बाराशे रुपये घालवून बसले

मी घरून तीन-चार दुकानांचे हिशोब लिहिते. लॅपटॉप जुना, इंटेल आय-५, चौथ्या पिढीचा. हार्ड डिस्क गेली तेव्हा ओळखीतल्या एका रिपेअरवाल्याने एसएसडी बसवून विंडोज १० टाकून दिलं. काही दिवसांनी एक्सेलची मोठी फाइल उघडली की मशीन अडकायला लागलं. तो म्हणाला, “ताई, चार जीबीत काय होणार? रॅम वाढवा.” आठ जीबीची पट्टी घातली, दोन हजार दिले. फरक शून्य. मला वाटलं, माझ्याच फायली जड असतील.

मग विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार अशी सूचना यायला लागली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझ्यासाठी तो रस्ता बंद. भाच्याने उबुंटूची (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) फाइल पेनड्राइव्हवर करून पाठवली. स्वतः टाकायची छाती होईना, म्हणून परत त्याच रिपेअरवाल्याकडे गेले.

त्याने फाइलचं नाव बघितलं आणि मान हलवली. नावाच्या शेवटी ‘एएमडी६४’ होतं. (एएमडी म्हणजे इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी.) “ही एएमडीची आहे, ताई. तुमचं मशीन इंटेलचं. टाकली तर मदरबोर्ड जाईल. माझ्याकडे खास इंटेलवालं विंडोज आहे, बाराशे होतील.” लॅपटॉपवरचा इंटेलचा स्टिकर माझ्या डोळ्यांसमोरच होता. पटलं. दिले बाराशे. (सपोर्ट संपत आलेलं तेच विंडोज पुन्हा कशाला, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत सुचला नाही.)

रात्री भाच्याचा फोन. “आत्या, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात सगळ्यात खाली अबाउट. सिस्टिम टाइपपुढे काय लिहिलंय ते वाच.” मी वाचलं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. तो दोन क्षण गप्प. “आता रॅमची ओळ वाच.” १२ जीबी, आणि पुढे कंसात, ३.४१ जीबी यूजेबल. ही ओळ मी आधीही बघितली होती. कंसातलं कोण वाचतं!

प्रोसेसर ६४-बिटचा, विंडोज मात्र ३२-बिटचं. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो, आणि ३२-बिट पत्त्यांत ४,२९,४९,६७,२९६ बाइट मावतात, म्हणजे चार जीबी. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती त्यापुढे जात नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेंसाठी अडतो. दोन हजारांची पट्टी आत नुसती बसून होती. एसएसडी घातली त्या दिवसापासून हेच चाललेलं.

आणि ‘एएमडी६४’? आज घरोघरी असलेल्या ६४-बिट इंटेल प्रोसेसरची ही पद्धत आधी एएमडीने काढली, २००३ मध्ये बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी इंटेलनेही उचलली. नाव चिकटून राहिलं, इतकंच. एक्स६४, एक्स८६-६४, एएमडी६४ ही सगळी एकाच गोष्टीची नावं. फाइलच्या नावात ‘आय३८६’ म्हणजे इंटेलसाठी असंही नाही, ती जुनी ३२-बिटची. ‘एआरएम६४’ मात्र खरंच वेगळी, स्नॅपड्रॅगनसारख्या चिपसाठी. अशी वेगळ्या चिपची फाइल घातली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही, मदरबोर्ड वगैरे काही जळत नाही.

३२ वरून ६४ वर अपडेट मारून जाता येत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. म्हणून आधी हिशोब बाहेरच्या डिस्कवर घेतले. मग भाचा फोनवर सांगत गेला आणि त्याच पेनड्राइव्हवरून मीच उबुंटू टाकलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा माझ्या घाबरण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. बिल मी मागितलंच नव्हतं, त्यामुळे हातात काही नाही. बाराशेतले पाचशे त्याने कुरकुरत परत केले. रॅमचं विचारलं तर म्हणाला, “रॅम तर खरीच दिली होती ना, ताई?”