परदेशात राहून ऑनलाइन काम: ट्रॅव्हल ई-सिम की तिथलंच सिम?

आठवडाभर फिरायला जाणाऱ्याला पुरतो तो डेटा प्लॅन महिनोन्‌महिने राहून रोज मीटिंगला बसणाऱ्याला पुरत नाही. गेले बरेच महिने मी वेगवेगळ्या देशांत राहून पूर्णवेळ काम करतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय. रोजचं काम त्या देशातल्याच सिमवर करावं. ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे प्रवाशांसाठी ऑनलाइन मिळणारं आणि कार्डाशिवाय थेट फोनमध्ये बसणारं सिम, उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी आणि अडीनडीला ठेवावं.

सगळ्यात मोठं कारण जाहिरातीत कधी दिसत नाही. ट्रॅव्हल ई-सिम बहुधा रोमिंगवर चालतं. टॉवर इथला असला तरी ते सिम भलत्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि अनेकदा आपला सगळा डेटा आधी त्या देशात जातो, मग इंटरनेटवर पोचतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे 10,000 किलोमीटरचा वळसा पडला तर जाऊन-येऊन 100 मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. स्पीड टेस्टचा आकडा छान येतो, पण मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. बोलणं सहज व्हायला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. म्हणून ई-सिम सुरू केल्यावर मी आधी आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) कुठल्या देशाचा दिसतो ते बघते आणि ऑफिसच्या सर्व्हरचा पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजते. आयपी अनपेक्षित देशाचा असेल तर ऑफिसचं लॉगिन किंवा बँकेची साइटही अडून बसू शकते.

आता डेटा किती लागतो ते. सतत 1 एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) चालू राहिलं तर तासाला 450 एमबी जातात. व्हिडिओ मीटिंगचं येणारं-जाणारं मिळून 2.5 एमबीपीएस धरलं तर तासाला सव्वा जीबीच्या थोडं खाली. रोज तीन तास, महिन्याला 22 दिवस, म्हणजे निव्वळ मीटिंगांचेच 74 जीबी. 10 जीबीचा पॅक इथे साधारण तीन दिवसांत संपतो, 20 जीबीचा जेमतेम आठवडाभर पुरतो.

‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचाच. दिवसाची मर्यादा संपल्यावर वेग 512 केबीपीएसवर येतो की 128 वर, हाच खरा प्रश्न. 512 वर निदान आवाज नीट जातो, 128 वर स्क्रीन शेअर करणं विसरायचं. हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते का, हेही तिथेच कळतं. आणि अपलोड! जाहिराती डाउनलोडच्या असतात, पण मीटिंगमध्ये आपला चेहरा आणि आवाज पोचतो तो अपलोडवर. मला 3-4 एमबीपीएस अपलोड सलग मिळत असेल तर बाकी आकड्यांची फिकीर वाटत नाही.

रेंजचा दोष नेहमी कंपनीचाच असतो असंही नाही. 700 किंवा 800 मेगाहर्ट्झचे बँड (टॉवर ज्या रेडिओलहरी वापरतात त्यांचे पट्टे) भिंतींतून चांगले आत येतात. आपल्या फोनच्या मॉडेलमध्ये त्या देशातले ते बँड नसतील तर खिडकीशी नेट आणि टेबलापाशी शून्य, असं होतं.

माझ्या नियमाला अपवाद आहेत. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर 120 दिवस चालतो. मग आयएमईआयची (फोनच्या ओळख क्रमांकाची) नोंदणी केली नाही, तर तो बंद पडतो. परदेशी सिम रोमिंगवर मात्र चालू राहतं, त्यामुळे लांबच्या मुक्कामात तिथे ट्रॅव्हल ई-सिमच कामाला येतं. युरोपीय संघात जून 2017 पासून एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय वापरता येतं. पण ती सोय प्रवासासाठी आहे. चार महिन्यांच्या काळात सिमच्या देशापेक्षा बाहेरच जास्त राहिलात आणि डेटाही बाहेरच जास्त वापरलात, तर कंपनी आधी सूचना देऊन जादा आकार लावू शकते. मुक्काम हलला की सिम बदलणं बरं.

मूळ देशातलं सिम फोनमध्ये राहू द्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रिचार्जची तारीख चुकू देऊ नका. नंबर गेला तर परदेशात बसून परत मिळवणं फार जिकिरीचं. बँक परवानगी देत असेल तर निघण्याआधीच ओटीपीऐवजी ॲपवरून मंजुरीची सोय करून घ्या. ई-सिमचं प्रोफाइल ‘जागा रिकामी करायला’ डिलीट करू नका, बंद करून ठेवा. ते फोनमध्ये बसवायचे बरेचसे क्यूआर कोड एकदाच चालतात.

नव्या ठिकाणी पोचल्यावर मी लगेच वर्षभराचा करार करत नाही. आधी महिन्याचं प्रीपेड घेते आणि राहायच्या खोलीत, दार लावून, माझ्या मीटिंगांच्या वेळेलाच अपलोड आणि पिंग तपासते. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की सकाळचे आकडे उपयोगाचे राहत नाहीत.