ॲलर्जीचा दमा: नुसता पंप, इंजेक्शनं की जिभेखालचे थेंब?

पावसाळ्यात कोल्हापुरात वाकळ वाळता वाळत नाही, भिंतींना ओल धरते. अशा दमट घरात डस्ट माइट, म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, फोफावतात आणि एरवी नुसतं शिंकणारं पोर रात्री घरघरायला लागतं. डॉक्टर पंप देतात, शिवाय इम्युनोथेरपीचंही सुचवतात, म्हणजे ॲलर्जीवरची इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब. आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: मग पंप सुटेल का? लगेच नाही. पंपातलं स्टिरॉइड श्वासनलिकेची सूज उतरवतं, आणि ते काम चोख करतं. पण मूळ ॲलर्जी तशीच राहते.

ॲलर्जीत काही टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशी, निरुपद्रवी धुळीवर चवताळतात, आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, श्वासनलिका सुजतात. त्यांना आवरणाऱ्याही टी-पेशी असतात, नियामक पेशी. तालमीत दोन पोरांची रग वाढली की वस्ताद मध्ये हात घालतो, तसं त्यांचं काम. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवल्या. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. फॉक्सपी3 हे जनुक बिघडलं की या पेशी कामातून जातात, आणि अशा बाळांना इसब आणि ॲलर्जीसुद्धा गाठते.

इम्युनोथेरपी या वस्तादालाच तयार करते. ज्याचं वावडं, तेच थोडं थोडं, वर्षानुवर्षं द्यायचं. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी 1911 मध्येच परागकणांवर हे करून पाहिलं होतं.

इंजेक्शनं सुरुवातीला साधारण दर आठवड्याला, मग महिन्याला, अशी 3 ते 5 वर्षं. दर वेळी अर्धा तास दवाखान्यात बसायचं, कारण क्वचित जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. गगनबावड्याहून येणाऱ्याने एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज हिशेबात धरावा. थेंबांचा पहिला डोस डॉक्टरांसमोर, पुढचे घरीच. तोंडाला खाज सुटते, मोठी रिॲक्शन आणखी दुर्मिळ. पण रोज घ्यायचे, आणि इथेच घोडं पेंड खातं: बरं वाटलं की बाटली फडताळात जाते. घरात रोजची शिस्त असेल तर मी थेंब निवडेन. नसेल तर इंजेक्शनं बरी, तारीख तरी पाळली जाते. एकाच बाटलीत ॲलर्जी आणणारे दहा-बारा पदार्थ मिसळून देत असतील, तर मात्र त्याला पुरावा काय, हे विचाराच. तो तोकडा आहे.

दमा टळतो का? परागकणांची ॲलर्जी असलेल्या युरोपातल्या मुलांना 3 वर्षं इंजेक्शनं दिली, तेव्हा सुरुवातीपासून 10 वर्षांनीही त्यांच्यात दमा कमी आढळला. गवताच्या परागकणांच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचणीत दम्याची लक्षणं आणि औषधं कमी झाली, पण दम्याचं निदान लांबलं असं ठरलं नाही. म्हणून ‘कायमचा जातो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

मग कोल्हापुरातल्या गंगावेशेतलं धारोष्ण दूध पाजावं का? युरोपात गोठ्यावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांत नियामक पेशी जास्त दिसल्या खऱ्या, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला हा रोगजंतू येतो. औषध म्हणून पाजू नका.

दमा आटोक्यात नसेल तर इंजेक्शनं काय, थेंब काय, काहीच सुरू करायचं नसतं. आधी पंपाने तो ताब्यात आणायचा. ॲलर्जी कशाची हे त्वचेच्या चाचणीत कळतं. त्याआधी शिंकांच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा. पंप मात्र चालूच ठेवा.