माती कधी आहे? मराठवाड्यातल्या देहदान सेवेचं परीक्षण

घरात मौत झाली की मराठवाड्यात पहिला प्रश्न येतो, "माती कधी आहे?" म्हणजे अंत्यविधी कधी. देहदान करणाऱ्या, म्हणजे गेलेल्या माणसाचा देह शिक्षणासाठी वैद्यकीय महाविद्यालयाला देणाऱ्या घराकडे याचं उत्तर नसतं. सरण नाही, खड्डा नाही, तिसऱ्या दिवशी सावडायला राख नाही. देव मानत नसलेल्या माणसाची शेवटची इच्छा पुरी करायला निघालेली बरीच घरं इथंच अडखळतात. कायदा किंवा डॉक्टर त्यांना अडवत नाहीत. ओट्यावर बसलेली भावकी विचारते, "विधी नाही म्हणजे माणूस असाच गेला का?" आणि घरच्यांना काय बोलावं ते सुचत नाही.

छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र विभाग देहदान स्वीकारतो. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथेही सरकारी महाविद्यालयं सुरू झाली आहेत, पण नव्या ठिकाणी शीतगृह आणि माणसं यांची घडी बसली आहे का, ते आधी फोनवर विचारून घ्यावं. इथलं परीक्षण एकूण सेवेचं आहे. थोडक्यात मत असं: नोंदणी सोपी आहे, आत देहाचा मान राखला जातो, देह पोचवण्याची व्यवस्था कच्ची आहे, आणि मागे राहिलेल्या माणसांसाठी सेवेत जवळजवळ काहीच नाही.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. विभागातून संमतीपत्र घ्यायचं, दोन फोटो आणि आधारची प्रत जोडायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा. मग ओळखपत्र मिळतं. इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लोकांना वाटतं, कार्ड मिळालं म्हणजे देह आपोआप जाणार. तसं होत नाही. माणूस गेल्यावर देह वारसांच्या ताब्यात असतो आणि त्यांनी हरकत घेतली तर महाविद्यालय देह नेत नाही. उलट कार्ड नसलं तरी वारसांची संमती असेल तर देहदान होतं. त्यामुळे खरी नोंदणी घरात करायची असते. सगळ्या लेकरांना, जावयांना, पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाला समोर बसवून एकदा स्पष्ट सांगायचं. ज्या मुलाला हे आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नसतं, तोच "मी येईपर्यंत थांबा" म्हणतो आणि तो पोचेपर्यंत दहा तास उलटलेले असतात.

सगळा खेळ वेळेचा आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फारच. पारा बेचाळीसवर असताना देह उघड्यावर ठेवला तर काही तासांत खराब व्हायला लागतो. शवपेटी, म्हणजे वीजेवर चालणारी थंड पेटी, तालुक्याच्या गावात भाड्यानं मिळते. ती लगेच मागवावी आणि भारनियमनाच्या भागात जनरेटरची सोयही पाहावी. पेटी असेल तर मुलाची वाट पाहता येते, नसेल तर सहा तासांच्या आत देह विभागात पोचेल असं बघावं.

पहिल्या तासात करायच्या कामांचा क्रम चुकू देऊ नका. आधी डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते नमुना 4 मध्ये मिळतं, घरी झाला असेल तर 4अ मध्ये. खेड्यात गाडी इथंच अडते. आजारपणात ज्यांनी तपासलंच नाही असे डॉक्टर सही करायला तयार होत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कागद एका पिशवीत ठेवावेत आणि नेहमीच्या डॉक्टरांना देहदानाचं आधीच सांगून ठेवावं. प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स काढा. महाविद्यालयाला प्रत द्या, मूळ कागद देऊ नका. मूळ कागद ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत मृत्यूच्या नोंदणीला लागतो आणि ती नोंद 21 दिवसांत करायची असते. नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, महाविद्यालयाच्या गावी होत नाही. काही ठिकाणी नोंदणीवाला स्मशानाची पावती मागतो. तिच्या जागी देह स्वीकारल्याचं विभागाचं पत्र चालतं, म्हणून ते पत्र हातात पडल्याशिवाय विभागातून निघू नये.

दुसरा फोन नेत्रपेढीला. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून मृत्यूनंतरही तो काही तास टिकतो आणि रक्तगट जुळवण्याची गरज पडत नाही. तो वाळू नये यासाठी पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, आणि डोक्याखाली दोन उशा द्यायच्या म्हणजे डोळ्यांकडे रक्त साचत नाही. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं, थोडं रक्त तपासणीला घेतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर, रक्तदाब यांपैकी काहीही असलं तरी डोळे देता येतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. नेत्रदान झालेला देह विभाग स्वीकारतो. मूत्रपिंड, यकृत असे अवयव काढलेला देह मात्र सहसा घेत नाहीत. ते दान मेंदू मृत झाल्यावर अतिदक्षता विभागातच होतं आणि त्याची वाटच वेगळी आहे.

विभाग देह नाकारतो तेव्हा घरच्यांना अपमान वाटतो. कारण समजलं की तो वाटत नाही. पोस्टमार्टेम झालेला देह घेत नाहीत, कारण टिकवण्याचं द्रावण रोहिण्यांतून, म्हणजे हृदयाकडून अंगभर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतून, सगळीकडे पोचवायचं असतं, आणि कापलेल्या रोहिण्यांतून ते गळून जातं. म्हणून अपघात, जळीत, विषबाधा, आत्महत्या अशा पोलिसी प्रकरणांत देहदान होत नाही. संसर्गजन्य आजार, अंथरुणाला खिळून अंगभर पडलेल्या जखमा (शय्याव्रण), अति स्थूलपणा ही बाकीची कारणं. देह नाकारला जाऊ शकतो हे घरात आधीच बोलून ठेवावं, आणि तशा वेळी दहन की दफन तेही ठरवून ठेवावं. नाहीतर नास्तिक माणसाच्या देहाचं काय करायचं यावर रात्री अकरा वाजता वाद पेटतो.

वाहतुकीवर या सेवेचे सगळ्यांत जास्त गुण जातात. महाविद्यालयाची शववाहिका येईलच असं धरून चालू नका, शहराबाहेर तर मुळीच नको. किनवट-माहूरच्या बाजूनं नांदेड गाठायला तीन तास तरी जातात, आणि गाडीचं भाडं घरच्यांनाच भरावं लागतं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी विभाग बंद असतो. तेव्हा देह रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या डॉक्टरांमार्फत शवागारात ठेवावा लागतो, आणि ड्यूटीवरच्या प्रत्येकाला ही पद्धत ठाऊक असते असं नाही. नोंदणीच्या वेळीच विभागातल्या दोन माणसांचे मोबाइल क्रमांक लिहून घ्या आणि दर वर्षी ते चालू आहेत का बघा, कारण बदल्या होतात.

आत काय होतं, हे लोक दबक्या आवाजात विचारतात. मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीत नळी घालून द्रावण सोडतात. ते पंपानं सोडतात किंवा बाटली उंच टांगून. प्रौढ माणसाला साधारण 8 ते 10 लिटर लागतं. त्यातलं फॉर्मलिन पेशी कुजू देत नाही, ग्लिसरीन अंग मऊ ठेवतं, फिनॉल बुरशी रोखतं. मग देह टाकीत किंवा शीतगृहात राहतो आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर शिकतात. 150 जणांचा वर्ग आणि एका टेबलाला दहा जण धरले तर वर्षाला पंधरा देह लागतात. विच्छेदन सुरू करण्यापूर्वी विद्यार्थी उभे राहून शपथ घेतात की या देहाला आपण पहिला गुरू मानू, त्याची ओळख सांगणार नाही, थट्टा करणार नाही, फोटो काढणार नाही. अभ्यास संपल्यावर अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावतं, हाडं शिकवण्यासाठी ठेवली जाऊ शकतात. अस्थी घरी परत मिळतील ही आशा ठेवू नये.

त्या टेबलावर माळकरी आणि नास्तिक शेजारी शेजारी असतात. श्रद्धेनं दिलेल्या देहातली हृदयाची झडप आणि श्रद्धेविना दिलेल्या देहातली झडप विद्यार्थ्याला सारखंच शिकवते. चांगलं वागायला देव लागतोच, असं म्हणणाऱ्यानं या खोलीचा विचार करावा. स्वर्गाची अपेक्षा नाही, पुनर्जन्माचा हिशेब नाही, नाव भिंतीवर लागणार नाही, तरी माणसं आपलं अंग देऊन जातात. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांचा धम्म घरोघरी आहे तिथं हे नवं सांगायला नको. धम्मात देवाच्या जागी नीती आहे, हे त्यांनी स्पष्ट मांडलेलं आहे.

मात्र श्रद्धा या दानाच्या आड येते, हेही खरं नाही. इंद्राला वज्रासाठी हाडं देणारा दधीची पुराणातलाच. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ती गोष्ट इथलं लहान पोरही सांगतं. त्यांची श्रद्धा दांडगी होती आणि त्याच श्रद्धेनं त्यांना विधी बाजूला ठेवण्याचं बळ दिलं. "अग्नी मिळाला नाही तर गती नाही" म्हणणाऱ्यांना परंपरेतलीच उदाहरणं द्यावीत. संन्याशाला सहसा दहन नसतं, त्यानं स्वतःचं श्राद्ध जिवंतपणीच केलेलं असतं. लातूर-धाराशिवकडचे लिंगायत देह पुरतात. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. देहच हाती नसेल तर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा विधी धर्मशास्त्रात आहे आणि जाणकार गुरुजी तो करतात. काही घरं केसांची बट किंवा नखं ठेवून घेतात आणि पैठणला, गंगाखेडला नाहीतर नांदेडला गोदावरीत सोडतात. आई देव मानणारी आणि गेलेले वडील न मानणारे असतील तर हा मार्ग जरूर धरावा. वडिलांची इच्छा देहाबद्दल होती, आईच्या दुःखावर त्यांचा हक्क नव्हता. मुस्लिम घरांनी आपल्या जाणत्या उलेमांशी आधी बोलावं, कारण तिथं मतं वेगवेगळी आहेत आणि ऐन वेळी ती जुळवता येत नाहीत.

या सेवेची खरी उणीव गाडी निघून गेल्यावर कळते. घरात अचानक करण्यासारखं काही उरत नाही. श्रद्धावान घरात तेरा दिवस कामं ठरलेली असतात. सावडणं, दहावा, भजनी मंडळ, गोडजेवण. त्यातलं प्रत्येक काम रडणाऱ्या माणसाला उठवतं, आंघोळीला लावतं, चार माणसांत बसवतं. नैतिक जगण्यासाठी देवाची गरज नाही, हे वर आलंच. पण दुःखात अर्थ टिकायला सोबत लागते, ठरलेली वेळ लागते, हाताला काम लागतं. श्रद्धावानाला हे तयार मिळतं. न मानणाऱ्याला ते आधी उभं करावं लागतं, आणि बहुतेक जण फक्त विधी नाकारतात, त्याच्या जागी काही ठेवत नाहीत. भावकीच्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही ते यामुळेच.

तेव्हा हे ठरवून ठेवा. देह निघण्यापूर्वी अर्धा तास सगळ्यांना दर्शन घेऊ द्या. हळद-कुंकू, फुलं, बुक्का यानं देहदानाला काही बाधा येत नाही, दागिने तेवढे उतरवा. गाडीपर्यंत खांदा द्या. खांदा द्यायला मिळाला की गावातल्या माणसांची अर्धी तगमग शांत होते. घरातल्या लेकी-सुनांनी विभागापर्यंत जावं, तिथं नको म्हणणारं कुणी नसतं. तिसऱ्या दिवशी, सावडण्याच्याच वेळेला, सकाळी तासाभराची बैठक घ्या. त्यात सात-आठ जणांनी पाच-पाच मिनिटं बोलावं, भाषणं नकोत, गेलेल्या माणसानं कुणासाठी काय केलं तेवढंच सांगावं. दहाव्याला शेजारपाजाऱ्यांना साधं जेवण घाला. भजन म्हणावंसं वाटणाऱ्यांना म्हणू द्या. आणि "माती कधी आहे" या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच निरोपात द्या: दर्शन अमुक वाजता, गाडी अमुक वाजता निघेल, बैठक परवा नऊ वाजता. वेळ कळली की माणसं येतात.

काही महाविद्यालयं देहदात्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा बोलावतात, विद्यार्थी त्यांच्यासमोर कृतज्ञता व्यक्त करतात. मुलाला तिथं बसून जे मिळतं ते या सेवेतलं सगळ्यांत मोलाचं आहे, आणि सगळीकडे ते होत नाही. नोंदणी करताना विचारा की कार्यक्रम होतो का, कधी, घरच्यांना निरोप कोण देतं. होत नसेल तर विभागप्रमुखांच्या नावानं साध्या कागदावर मागणी द्या, गावातल्या इतर नोंदणी केलेल्यांच्या सह्या खाली घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.