१४ इंची रिंग आणि आखूड सुया: ८ महिने हाताने गोधडी शिवल्यावर

हाताने क्विल्टिंग करायचा हा संच ऑनलाइन मागवलेला. आत कापड धरायला १४ इंची लाकडी दुहेरी रिंग, ९ आणि १० नंबरच्या बिटवीन (क्विल्टिंगच्या आखूड) सुया, एक धातूचं व एक चामड्याचं अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी), मेणाची वडी आणि १०० मीटर सुती दोरा. जून ते जानेवारी, ठाण्यात वापर. ४५ बाय ६० इंचांच्या दोन गोधड्या पूर्ण, तिसरी अर्धी. रिंग चांगली, सुया आपल्या गोधडीला नाजूक, दोरा अपुरा. मनगट आणि खांदा मात्र सामानामुळे वाचत नाही, हात कसा चालतो त्यावर वाचतो.

आधी थर, कारण निम्मा त्रास तिथेच ठरतो. साडेपाच मीटरची सुती साडी म्हणजे साधारण २१६ इंच. ६० इंचांचे तीन थर निघतात आणि वर ३६ इंच उरतं, ते ठिगळांना. तीन थर आणि वरचं ठिगळकाम एवढं ठाण्याच्या हवेत पुष्कळ झालं, आत कापूस भरायची गरज नाही. साडी जुनी, मऊ, दोनदा धुऊन खळ गेलेली हवी. पॉलिएस्टर मिसळलेली साडी घेऊ नका, थर एकमेकांवर सरकतात. जरीचा काठ कापून टाका, सुई त्यात अडकते. आणि अस्तराला नवी घट्ट विणीची चादर लावायचा मोह आवरा. दुकानात हाताला छान लागते, पण प्रत्येक टाक्याला सुई रेटावी लागते.

संचातली १० नंबरची सुई चार थरांत दुसऱ्याच दिवशी वाकते. बिटवीनमध्ये नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड, नेढंही बारीक. पातळ वॅडिंगच्या (आतल्या भरावाच्या) क्विल्टला ९-१० ठीक, साडीच्या गोधडीला ७ किंवा ८ घ्या. नेहमीची लांब सुई वापरू नका. ती चिमटीत घट्ट धरावी लागते आणि अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं.

आता मुख्य गोष्ट, टाका. क्विल्टिंगमध्ये सुई चिमटीत धरायचीच नाही. अंगुस्तान मधल्या बोटात, सुईचं नेढं त्याच्या खळगीत टेकलेलं. सुई सरळ उभी खाली जाऊ द्यायची, रिंगखालच्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम टोचलं की थांबायचं. मग नेढ्याची बाजू कापडाकडे आडवी पाडायची. त्याच वेळी वरच्या हाताचा अंगठा सुईच्या पुढचं कापड दाबतो आणि खालचं बोट ते वर उचलतं, कापडाला एक छोटा उंचवटा येतो. टोक त्या उंचवट्यातून केसाएवढं डोकावलं की लगेच नेढं पुन्हा उभं. टोक जास्त बाहेर येऊ दिलं की टाका लांबतो, बहुतेकांचे टाके इथेच लहान-मोठे होतात. चार थरांत एका वेळी दोन-तीन टाके सुईवर घ्या, जास्त घेतले तर सुई ओढताना मनगट पिळवटतं. सुई सुटत नसेल तर फुटक्या फुग्याचा तुकडा बोटात धरून ओढा, पकड येते. इंचात पाच टाके जमले की गोधडीला पुरे. आठ-दहाचा हट्ट पातळ क्विल्टसाठी ठेवा.

हे सगळं रिंग ढिली असेल तरच जमतं. भरतकामाच्या सवयीने कापड डफासारखं ताणलं की उंचवटा येतच नाही आणि सुई उभी-आडवी डुलवता येत नाही. खालून बोट लावलं की कापड अर्धा इंच वर यावं, इतपत ढिलं ठेवा. स्क्रू आपल्यापासून लांब, डाव्या वरच्या बाजूला, नाहीतर प्रत्येक ओढीला दोरा त्यात अडकतो (डावखुऱ्यांनी उलट). पावसाळ्यात लाकूड फुगून स्क्रू घट्ट झाला होता, दिवाळीनंतर आपोआप सैल पडला. काम थांबवताना रिंग काढून ठेवा, नाहीतर गोल वळ पडतो.

दोऱ्याचा हिशेब संचाबरोबर कुठेच दिलेला नाही, म्हणून इथे. एक इंचावर ओळ धरली तर ४५ इंच रुंदीत ४४ ओळी, प्रत्येक ६० इंच, म्हणजे सुमारे ६७ मीटर शिलाई. दोरा ४५ सेंटिमीटर, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. त्यात गाठ आणि शेवट जाऊन ३० सेंटिमीटर शिवून होतं. म्हणजे सव्वादोनशे वेळा सुई ओवणं आणि १०० मीटरचं रीळ शेवटच्या ओळींत संपणं. दोन रिळं एकाच वेळी घ्या, नंतर आणलेला पांढरा पहिल्या पांढऱ्याशी जुळत नाही. ओवणं वाचवायला याहून लांब दोरा घेऊ नका. आखूड दोरा कोपरातून ओढला जातो, लांबला की दर टाक्याला खांद्यातून हात फेकावा लागतो, शिवाय दोरा घासून विरतो. त्यापेक्षा सकाळीच आठ-दहा सुया ओवून ठेवा. दोरा मेणावरून एकदाच फिरवा.

गाठ वर दिसू द्यायची नाही. सुई अर्धा इंच अलीकडून फक्त वरच्या थरात घाला आणि झटका द्या. बारीक 'टप्' होतं आणि गाठ आत जाते. जोरात झटकलं तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते, मग पुन्हा पहिल्यापासून.

पारंपरिक गोधडी कडेने सुरू करून फेरे घेत मध्यावर आणतात. जमिनीवर पसरून, तळहाताने थर सारखे करत, रिंगशिवाय. ती पद्धत सुंदर आहे, पण गुडघे आणि पाठ त्यात जातात. रिंगमध्ये करायचं तर आधी चार-चार बोटांवर कच्चा टाका घाला आणि मध्यातून बाहेर शिवत जा, नाहीतर मधे फुगा राहतो. हात नसलेली खुर्ची, पायाखाली पाट, रिंगची एक कड मांडीवर आणि दुसरी टेबलाच्या काठावर. खांदे वर उचलले जात असतील तर पाट उंच झालाय. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी तिथे फक्त ठिगळं जोडा, रिंग नको.

चामड्याचं अंगुस्तान जुलैत घामाने ओलं होऊन बोटावरून निसटायला लागलं. धातूचं चांगलं, पण त्याच्या खळग्या उथळ असतील तर नेढं घसरून नखाखाली जातं. घेताना सुई टेकवून बघा. सुयांना पावसात गंज चढला. आता त्या घट्ट झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुडीबरोबर असतात.

पाचपैकी साडेतीन. रिंग सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या, ८ नंबरच्या सुया आणि दोन रिळं बाजारातून.