सापेक्ष दारिद्र्य मोजताना: ५० टक्के, ६० टक्के की गोठवलेली रेषा?

सापेक्ष दारिद्र्य म्हणजे आपल्याच देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मे लोक ज्याच्या वर, निम्मे खाली असतात ते उत्पन्न) ठरावीक टक्क्यांखाली असणे. दोन देशांचे असे आकडे शेजारी ठेवले की वाद रंगतो तो टक्केवारीवर. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर रेषा मारते, बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी ५० टक्क्यांवर. पण निकाल बराचसा त्याआधीच ठरलेला असतो, कुटुंबाचे उत्पन्न माणशी कसे वाटले तिथे.

कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते वजा करून, पेन्शन व भत्ते मिळवून हाती उरणारे उत्पन्न घ्यायचे आणि त्याला कुटुंबाच्या 'समतुल्य आकाराने' भागायचे; एकत्र राहिल्याने खर्च वाचतो म्हणून हा आकार डोक्यांच्या संख्येपेक्षा कमी धरतात. युरोस्टॅटच्या पद्धतीत पहिला प्रौढ १, १४ वर्षे व त्यावरील पुढचा प्रत्येक जण ०.५, त्याखालचे प्रत्येक मूल ०.३. ओईसीडी सध्या सरळ सदस्यसंख्येचे वर्गमूळ घेते. दोन प्रौढ, चार लहान मुले आणि वर्षाला ५०,००० उत्पन्न असेल तर पहिल्या पद्धतीत भाजक २.७, म्हणजे समतुल्य उत्पन्न सुमारे १८,५००. दुसऱ्या पद्धतीत भाजक २.४५ आणि समतुल्य उत्पन्न सुमारे २०,४००. घर तेच, पैसा तोच. पहिल्या पद्धतीत मोठी कुटुंबे जास्त गरीब दिसतात. वर्गमूळ घेतले की मध्यक वर सरकतो आणि एकटे राहणारे वृद्ध रेषेखाली जास्त येतात, कारण त्यांचा भाजक दोन्हीकडे १ च असतो. म्हणून एका संस्थेचा आकडा एका देशासाठी आणि दुसरीचा दुसऱ्यासाठी घेऊ नका, टक्केवारी जुळली तरी नको.

मध्यक काढताना हमखास होणारी चूक भारांकाची, म्हणजे पाहणीतले एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायचे त्या आकड्याची. कुटुंबाचा भारांक सदस्यसंख्येने गुणायला हवा. नाहीतर तुम्ही माणसे नव्हे, घरे मोजता.

आता टक्केवारी. ६० टक्क्यांची रेषा, जिथे पुष्कळ लोकांची उत्पन्ने एकवटलेली असतात अशा दाट पट्ट्याजवळ जाते. किमान पेन्शन नेमकी तिच्या आसपास असेल तर पेन्शनमधल्या किरकोळ वाढीनेही वृद्धांचा दर एकदम हलतो. युरोस्टॅट या दराला 'दारिद्र्याचा धोका' म्हणते ते योग्यच आहे. ५० टक्के ही कडक रेषा, श्रीमंत देशांच्या तुलनेला मला हीच बरी वाटते. ४० टक्क्यांवर मात्र जपून: तिथे खरे गरीब आणि उत्पन्न कमी सांगणारे किंवा तोट्यातले स्वयंरोजगारी यांची सरमिसळ होते.

काळानुसार तुलना करायची असेल तर यांपैकी एकट्या कशावरही भिस्त ठेवू नका. २०१०-११ मध्ये ब्रिटनमधले मध्यक उत्पन्न महागाईच्या हिशेबात घसरले, त्यासोबत रेषा खाली आली आणि सापेक्ष दारिद्र्याचा दर कमी झाला. गरिबांच्या हाती जास्त पैसा आला म्हणून नव्हे! अशा वेळी एका वर्षाची रेषा गोठवून पुढे फक्त महागाईने वाढवायची आणि दोन्ही दर शेजारी दाखवायचे. गोठवलेली रेषाही दहा-पंधरा वर्षांत शिळी होते, कारण राहणीमान पुढे गेलेले असते.

गरीब आणि श्रीमंत देश एकाच तक्त्यात हवेत? मग शुद्ध सापेक्ष रेषा फसवते: जिथे मध्यकच तुटपुंजा, तिथे त्याच्या निम्म्यात पोटही भरत नाही. जागतिक बँकेची 'सामाजिक दारिद्र्यरेषा' यावर तोडगा आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत, २०१७ च्या क्रयशक्ती समानतेनुसार (देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकणारे दर), ती रोज २.१५ डॉलर, किंवा १.१५ डॉलर अधिक मध्यकाचा अर्धा भाग, यांतली जी मोठी ती होती. बँकेचा हिशेब दरडोई, म्हणजे थेट सदस्यसंख्येने भागून असतो आणि काही देशांत उत्पन्नाचा तर काही देशांत खर्चाचा. उत्पन्नापेक्षा खर्चातली विषमता सहसा कमी दिसते. तेवढ्यानेच खर्चावर मोजलेला देश सरस ठरू शकतो.

तक्त्यावरचे वर्षही तपासा. युरोपीय संघाच्या पाहणीत बहुतेक देशांतले उत्पन्न आदल्या वर्षाचे असते. २०२४ च्या पाहणीतला दर २०२४ च्या बेरोजगारीशी जोडला, तर कारण आणि परिणाम यांची वर्षे चुकतात.